प्लाऊ बॅक म्हणजे काय ते अमळनेरात कळतं

माझ्याकडे बारावी कॉमर्सची मुलं येतात, त्यांच्या एसपीच्या (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) अभ्यासात रिटेन्ड अर्निंग्जपाशी, म्हणजे कंपनीने न वाटता राखून ठेवलेल्या नफ्यापाशी, 'प्लाऊइंग बॅक ऑफ प्रॉफिट' असं येतं आणि सगळी ते पाठ करून मोकळी होतात, पण प्लाऊ म्हणजे नांगर हे कुणी सांगितलेलंच नसतं. ज्याच्या घरी शेती आहे त्याला मात्र एका वाक्यात कळतं. ताग किंवा धैंचा पेरायचा, फुलोऱ्यात आला की बाहेर न काढता तिथल्या तिथे नांगरून गाडायचा, झालं हिरवळीचं खत. धंद्यातला नफा वाटून न टाकता परत धंद्यातच घालणं म्हणजे प्लाऊ बॅक.

वाक्यात वापरताना 'प्लाऊ द प्रॉफिट बॅक इंटू द बिझनेस' असं म्हणायचं, आणि यातला बॅक फार महत्त्वाचा, कारण पैसा तिथूनच कमावलेला पाहिजे. पगारातून एसआयपी भरली तर ते प्लाऊ बॅक नाही, आणि पडलेला शेअर अजून घेऊन अ‍ॅव्हरेज करणं तर मुळीच नाही, तिथे नफाच कुठे आहे! बॅक गाळून नुसतं 'प्लाऊ इंटू' म्हटलं तर कशाततरी भरपूर पैसा ओतणं, शिवाय गाडी जाऊन भिंतीवर आदळली तरी इंग्रजी पेपरवाले तेच लिहितात, त्यामुळे आगेमागे बघून अर्थ लावायचा.

याचं आपल्याकडचं सगळ्यात भारी उदाहरण खान्देशात आहे. १९४५ साली अमळनेरात वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच आजची विप्रो. १९६६ मध्ये वडील गेल्यावर अझीम प्रेमजींनी २१व्या वर्षी कारभार हातात घेतला, आणि तूप-साबणाच्या त्या कंपनीने पुढे कॉम्प्युटर आणि सॉफ्टवेअरमध्ये उडी घेतली. अमळनेरात कित्येक घरांनी जुने शेअर विकले नाहीत, साठलेल्या रिझर्व्हमधून, म्हणजे राखलेल्या नफ्यातून, बोनस म्हणजे फुकटचे जादा शेअर येत गेले. अगदी अलीकडचं धरा, २०१७ ला एकास एक, २०१९ ला तीनावर एक, २०२४ ला परत एकास एक, म्हणजे आधीचे ३०० शेअर नुसते ठेवून १६०० झाले. बोनस आला की भाव त्या प्रमाणात खाली येतो हे खरंय, त्या दिवशी कुणी श्रीमंत होत नाही, खरी वाढ आत घातलेल्या नफ्यातून आधीच झालेली असते.

म्हणून मी मुलांना अ‍ॅन्युअल रिपोर्ट उघडायला लावते. बॅलन्स शीटमध्ये अदर इक्विटी नावाची ओळ, त्याच्या नोटमध्ये (मागच्या तपशिलात) रिटेन्ड अर्निंग्ज, तो आकडा चार-पाच वर्षांचा शेजारी शेजारी लिहायचा आणि खाली त्याच वर्षांचा नफा. रिटेन्ड अर्निंग्ज फुगतायत आणि नफा मात्र आहे तिथेच, असं दिसलं तर मला तरी ती कंपनी नको वाटते, त्यापेक्षा त्यांनी सरळ डिव्हिडंड द्यावा, निदान आपण तो एफडीत तरी टाकू.