गाडी रिकामी परत गेली

त्या दिवशी दुपारी आमच्या कारखान्यात ‘आपली मूल्ये’ या विषयावर बैठक होती. एचआरमध्ये असल्याने तयारी माझ्याकडे. सकाळीच पॅकिंगमधून फोन आला, "मॅडम, ताईंनी लाइन थांबवलीय."

खाली गेले तर गाडी माल भरायला लागलेली आणि प्रॉडक्शनचे साहेब आवाज चढवून बोलत होते. ताईंनी झाकण लावलेली एक बाटली उचलून कानाशी दाबली, मग माझ्या हातात दिली. मीही दाबली. झाकणाखालून हवा सुटल्याचा बारीक आवाज आला. आतलं सील एका बाजूने धरलंच नव्हतं. "वरून बघून कळत नाही मॅडम, दाबली की कळतं," ताई म्हणाल्या.

प्लांट हेड आले, त्यांनीही बाटली दाबून पाहिली. गाडी रिकामी पाठवा, सकाळपासूनचा सगळा लॉट तपासा, असं तिथल्या तिथे सांगितलं. माल उशिरा येईल हे ग्राहकाला त्यांनी सगळ्यांसमोरच फोनवर कळवलं आणि ताईंचे आभार मानले. टोयोटात कामगार दोरी ओढून लाइन थांबवू शकतो, हे आमच्याकडे प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात. पण थांबवणाऱ्याच्या पाठीशी साहेब उभे राहतात, हे लोकांनी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

दुपारी स्लाइड्स लावायची गरजच पडली नाही. मेंटेनन्सचा एक जण म्हणाला, सीलिंग मशीनचं तापमान खाली-वर होतंय असं मी लॉगबुकात लिहिलं होतं, कुणी वाचलंच नाही. मागून एक जण बोलला, "डबल शिफ्ट झाल्यावर बाटली दाबून बघायचं कुणाला सुचतंय?" कामाच्या ठिकाणच्या मानसशास्त्राचे अभ्यासक विल्यम कान यांनी १९९० मधल्या शोधनिबंधात माणूस कामात मनापासून उतरण्याच्या तीन अटी मांडल्या आहेत: कामात अर्थ वाटणं, बोललं तर अंगाशी येणार नाही याची खात्री, आणि अंगात-मनात तेवढं बळ शिल्लक असणं. सर्वेक्षणं करताना आम्ही पहिल्या दोन अटींवर भर देतो. तिसरी त्या माणसाने एका वाक्यात समोर ठेवली, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिच्याकडेच होतं.

लागोपाठ डबल शिफ्ट बंद झाली. शिफ्ट सुरू होताना लॉगबुक मोठ्याने वाचायचं ठरलं.

पुढे एका रात्री नव्या मुलाने लाइन थांबवली. तपासलं, काहीच निघालं नाही. सुपरवायझरने त्याला काय दिसलं ते विचारून घेतलं, लॉगबुकात लिहिलं आणि लाइन सुरू केली.