पहाटेची नदी

आज उजाडायच्या आधीच एकटी निघाले, नदीकाठच्या जंगलवाटेने. पाण्यावर धुक्याचा पातळ थर सरकत होता. रात्री हवा लवकर गार होते, पाणी मात्र ऊब धरून राहतं. त्याची वाफ वर येताच गारठून तिचे बारीक थेंब होतात. वारा पार पडलेला, त्यामुळे पलीकडच्या काठावरच्या पक्ष्याची शीळसुद्धा कानाशी आल्यासारखी.

झाडांना नवी पालवी फुटलीये, काही तर चक्क तांबडी, हात लावला तर ओलसर, मऊ.

एका वळणावर बसले आणि पाण्यातला दगड अलगद उलटा केला. खाली नखाएवढी नळी चिकटलेली, वाळूचे कण एकेक करून जोडलेली. आत अळी! स्वतःच्या रेशमाने सांधते ती हे घर. अशा बऱ्याच अळ्यांना स्वच्छ, वाहतं पाणी लागतं, म्हणून ती दिसली आणि खरंच जीव भांड्यात पडला. किती वेळ बघत बसले कोण जाणे. दगड होता तसाच परत ठेवला (कृपा करून तुम्हीही ठेवा, त्याच्या पोटाशी कितीतरी जीव राहतात).

परत फिरले तेव्हा ऊन पाण्यापर्यंत उतरलं होतं. धुकं कधी विरलं, कळलंच नाही. बूट अजून ओले आहेत, दाराशी वाळत ठेवलेत. उद्या पुन्हा जाणार.