बोल्सची वही : ‘ग्रीन जास्त घे!’

मेलबर्नमधला लॉन बोल्सचा, म्हणजे हिरवळीवर गोळे (बोल) घरंगळवत लक्ष्याजवळ नेण्याच्या खेळाचा, हा माझा दुसरा सीझन. अजून लीडलाच, संघातला पहिला खेळाडू म्हणून, खेळतोय. म्हणजे उभं राहून टाकायची मॅट अंथरायची, जॅक (लक्ष्याचा लहान गोळा) सोडायचा आणि आपले दोन बोल त्याच्या जवळ नेऊन ठेवायचे. या महिन्याची नोंद मात्र शब्दांची आहे, कारण माझा ड्रॉ (बोल जॅकजवळ थांबेल असा टाकणं) सुधारला तो शब्द नीट कळल्यावर.

ग्रीन म्हणजे हिरवळ, हे पहिल्या दिवशीच कळतं. पण स्किप (संघाचा कप्तान) हेडपाशी, म्हणजे जॅकभोवती जमलेल्या बोलांपाशी, उभं राहून ‘मोअर ग्रीन!’ म्हणतात, तेव्हा त्यांना म्हणायचं असतं की बाहेरून टाक, वळण मोठं घे. बोल बायसमुळे, म्हणजे त्याच्या आकारातल्या कलामुळे, त्यावरचं लहान वर्तुळ ज्या बाजूला असतं तिकडे वळतो. आता किती बाहेरून टाकायचं, हे ठरतं हिरवळीच्या वेगावर, आणि वेग मोजतात सेकंदांत : 27 मीटर जाऊन थांबायला बोलला किती वेळ लागला. मी वर्षभर धरून चाललो होतो की 15 सेकंदांची हिरवळ 11 सेकंदांच्या हिरवळीपेक्षा हळू. आहे नेमकं उलटं! वेगवान हिरवळीवर बोल हलक्या हाताने सोडला तरी रेंगाळत जातो, म्हणून वेळ जास्त लागतो, आणि रेंगाळतो म्हणून वळतोही जास्त.

‘हेवी’नेही असंच चकवलं होतं. हेवी ग्रीन म्हणजे जड, हळू हिरवळ, जिथे जोर लावावा लागतो. पण ‘यू आर हेवी’ म्हणजे जोर जास्त झाला, बोल जॅकच्या पुढे गेला.

2022 साली राष्ट्रकुल स्पर्धेत लेमिंग्टन स्पाला आपल्या भारताच्या चौघींनी दक्षिण आफ्रिकेला 17-10 हरवून सुवर्ण मिळवलं, तो सामना या महिन्यात पुन्हा पाहिला, फक्त लीडला असलेल्या लवली चौबेंच्या बोलकडे लक्ष ठेवून. आमच्याकडच्या मानाने त्यांना ग्रीन किती कमी घ्यावं लागत होतं!

गेल्या शनिवारी सकाळी दव होतं. चहानंतर ऊन आलं, गवत सुकलं आणि सकाळच्याच रेषेवरचा माझा बोल हेडसमोरून आडवा निघून गेला. दुसरा बोल टाकताना नजर वीतभर बाहेर नेली आणि हात हलका ठेवला. बोल लांब गेला, थांबतोय असं वाटेपर्यंत आत वळला आणि जॅकला टेकला. टचर! पुढचा बोल थांबायच्या आत थर्डने (आमच्या तिसऱ्या खेळाडूने) त्यावर खडूची खूण केली. शेवटी समोरच्या स्किपने जोरदार ड्राइव्ह मारला, जॅक आणि माझा बोल दोन्ही हिरवळीच्या कडेच्या खंदकात. खूण असलेला बोल खंदकातही जिवंत राहतो, आणि आपल्याच रिंकच्या (खेळायच्या पट्ट्याच्या) हद्दीतल्या खंदकात पडलेला जॅकही. मोजपट्टी लावली. शॉट, म्हणजे गुण, आमचाच.

सरावाची आकडेवारी : फोरहँडचे 40 ड्रॉ, जॅकपासून मॅटभर अंतराच्या आत 17. मागच्या महिन्यात 11 होते. बॅकहँड अजून 9 वरच अडकलाय. पुढचा महिना त्यालाच.