चार्ल्स मॅकलिन: माणसासारखं बोलणारा नट

१७२५ च्या सुमाराला लंडनच्या लिंकन्स इन फील्ड्स नाट्यगृहातून एका आयरिश नटाला मालकाने परत पाठवलं. कारण एवढंच, की हा फार साधं बोलतो. शोकांतिकेत राजा असो की मारेकरी, नटाने पाय रोवून, हात पुढे करून प्रत्येक ओळ सुरात आळवायची, अशी तेव्हाची रीत होती. हा मात्र समोरच्या माणसाशी बोलावं तसं बोलला. आणखी एक-दोन वर्षं बाहेर काढ, मग ये, असं मालकाने सुनावलं. ही आठवण त्या नटाने म्हातारपणी स्वतःच सांगून ठेवली आहे. त्याचं नाव चार्ल्स मॅकलिन.

मी प्रॉम्प्टिंग करते, नट अडला की विंगेतून वाक्य पुरवते. विंगेत बाड घेऊन उभं राहिलं की नट खरं कधी बोलतोय आणि पाठ केलेलं कधी म्हणतोय हे प्रेक्षकांच्या आधी आपल्याला कळतं. म्हणून हा माणूस मला जवळचा वाटतो.

तो मूळचा मॅकलॉक्लिन. आयर्लंडच्या अगदी उत्तर टोकाला, डोनेगॉल परगण्यात, इनिशोवेन द्वीपकल्पावरचं कुलडॅफ हे त्याचं गाव मानतात. बालपणी कानावर पडलेली भाषा आयरिश. जन्मसालावर चरित्रकारांचं एकमत नाही. कुणी १६९० म्हणतं, कुणी १६९९. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात तो पोरवयात विद्यार्थ्यांची हलकी कामं करायचा, असं जुन्या चरित्रांत येतं. मग समुद्र ओलांडून इंग्लंड, आणि गावोगाव फिरणाऱ्या नाटकमंडळ्या. इंग्रजांच्या जिभेला जड जाणारं आडनाव त्याने वाटेत कापून टाकलं, बोलण्यातला आयरिश हेल मेहनतीने घालवला. दुसऱ्याची भाषा एकेक अक्षर पारखून शिकलेल्या माणसालाच उच्चाराची इतकी जाण येत असावी, असं मला वाटतं.

एक गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही. १० मे १७३५ ला ड्ररी लेन नाट्यगृहाच्या रंगपटात केसांच्या एका टोपावरून त्याचं टॉमस हॅलम या सहनटाशी भांडण झालं. मॅकलिनने हातातली काठी पुढे खुपसली, ती हॅलमच्या डाव्या डोळ्यात घुसली आणि हॅलम मेला. ओल्ड बेलीच्या कोर्टात मॅकलिनने स्वतःची बाजू स्वतःच मांडली. खुनाचा आरोप टिकला नाही, सदोष मनुष्यवधाचा टिकला. त्या गुन्ह्याची शिक्षा म्हणजे हातावर डाग. तो रंगभूमीवर परतला, मोठा झाला. पण हॅलमही नट होता, त्याचंही त्या संध्याकाळी काम होतं. मॅकलिनचं कौतुक करताना मी हे विसरत नाही.

मॅकलिनच्या शायलॉकची कथा बहुतेकांना ऐकून ठाऊक असते, तरी तपशिलात शिरण्यासारखी आहे. शायलॉक म्हणजे कर्ज फिटलं नाही म्हणून अँटोनियोच्या अंगचं पौंडभर मांस कापून मागणारा ज्यू सावकार. लंडनमध्ये तेव्हा शेक्सपिअरचं 'मर्चंट ऑफ व्हेनिस' मूळ रूपात होतच नव्हतं. १७०१ पासून लॉर्ड लॅन्सडाउनने फिरवून लिहिलेली आवृत्ती चालायची आणि तिच्यात शायलॉक म्हणजे हशा पिकवायचं पात्र. मॅकलिनने ड्ररी लेनचा मालक फ्लीटवुड याला मूळ संहितेसाठी राजी केलं. मग व्हेनिसमधले ज्यू काय घालायचे याचा शोध घेतला, लाल टोपी ठरवली, जोसीफस या प्राचीन इतिहासकाराने लिहिलेला ज्यूंचा इतिहास वाचला. तालमीत मात्र त्याने पत्ता लागू दिला नाही. वाक्यं नुसती वाचल्यासारखी म्हणायचा. अँटोनियोचं काम करणारा जेम्स क्विन म्हणत होता, लोक याला हुर्यो करून खाली उतरवतील.

१४ फेब्रुवारी १७४१. पहिल्या प्रवेशात लोक जरा सावध होते. प्रयोग पुढे सरकला तशा टाळ्या वाढत गेल्या, आणि कोर्टाच्या प्रवेशात त्याने सुरी पाजळायला घेतली तेव्हा प्रेक्षागृह त्याच्या मुठीत होतं. खिशात पन्नास पौंडसुद्धा नव्हते, पण त्या रात्री मी 'चार्ल्स द ग्रेट' होतो, असं तो पुढे सांगायचा. त्या शतकातला सर्वांत नावाजलेला इंग्रज नट डेव्हिड गॅरिक याचं 'रिचर्ड तिसरा' गाजलं ते त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. सहज अभिनयाचं सगळं श्रेय गॅरिकच्या नावावर जमा होतं तेव्हा मला वाईट वाटतं. आधीचे ते आठ महिने मॅकलिनचे होते.

लिश्टेनबर्ग नावाच्या जर्मन विद्वानाने १७७५ मध्ये त्याला याच भूमिकेत पाहून पत्रात सविस्तर लिहिलं. शायलॉकचं पहिलंच वाक्य 'थ्री थाउजंड डकॅट्स'. मॅकलिन ते सावकाश बोलायचा. त्यातले दोन 'थ' आणि शेवटचा 'स' तो असे जिभेवर घोळवायचा की मोहरांची चवच घेतोय. तीन शब्दांत माणूस उभा. त्याचा शायलॉक करुण नव्हता, हेही सांगायला हवं. तो क्रूर आणि सूडाने पेटलेला होता. त्या पात्राचं दुःख दाखवणारे नट पुढे आले. पण आधी त्याला विदूषकीतून बाहेर काढणं भाग होतं.

शिकवायची पद्धतही अशीच. नाटककार जॉन ओ'कीफने आपल्या आठवणींत डब्लिनमधली मॅकलिनची बाग वर्णन केली आहे. बागेत तीन लांब समांतर वाटा. कडेच्या दोन वाटांवर एक तरुण नट आणि एक नटी, पाठ ताठ राहावी म्हणून पाठीला फळी लावलेली. मधल्या वाटेवर स्वतः गुरू. दर बारा पावलांवर थांबायचं, डौलात वळायचं आणि पलीकडच्याला विचारायचं, "कशा आहात तुम्ही?" उत्तर यायचं, "छान आहे, आभारी आहे." पुन्हा बारा पावलं. "आज हवा किती सुरेख आहे, नाही?" "खरंच, फार सुरेख." हे तासभर चालायचं. मला हा प्रकार विलक्षण वाटतो. कवितेची एक ओळ नाही, रडणं-ओरडणं नाही; बागेच्या त्या टोकाला ऐकू जाईल इतका आवाज लावूनही बोलणं घरगुती राहिलं पाहिजे, एवढाच धडा. हा धडा आजही बहुतेक नटांना जड जातो.

त्याने नाटकंही लिहिली. 'द ट्रू-बॉर्न आयरिशमन' या प्रहसनात एक डब्लिनची बाई लंडनला जाऊन येते आणि इंग्रजी ढंगात बोलायला लागते. आपलं ओ'डॉहर्टी हे आडनावसुद्धा 'डिगर्टी' असं उच्चारते. डब्लिनने ते डोक्यावर घेतलं. लंडनमध्ये १७६७ साली ते पडलं, तेव्हा तो रंगमंचावर येऊन म्हणाला की प्रेक्षकांचं बरोबर आहे; नीतीप्रमाणे विनोदालाही भूगोल असतो, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

'लव्ह आ ला मोड' हे दोन अंकी प्रहसन १७५९ चं. हे त्याने छापूच दिलं नाही. छापलं की कुठलीही मंडळी ते बसवणार आणि लेखकाच्या हाती काही येणार नाही, हा साधा हिशेब होता. प्रयोग संपला की तो प्रॉम्प्टरकडून बाड परत घ्यायचा. प्रॉम्प्टर म्हणून मला याचा अजिबात राग येत नाही. त्याची रोजीरोटी त्या कागदांत होती. मग 'कोर्ट मिसेलनी' मासिकाच्या प्रकाशकांनी गर्नी नावाच्या लघुलेखकाला एक गिनी देऊन नाट्यगृहात बसवलं, नटांच्या तोंडची वाक्यं उतरवून घेतली आणि १७६६ साली पहिला अंक छापून मोकळे झाले. दुसरा अंक पुढच्या महिन्याच्या मासिकात, अशी जाहिरातही केली. मॅकलिन कोर्टात गेला. १७७० मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला: तिकीट काढून नाटक ऐकलं म्हणजे ते छापायचा हक्क मिळत नाही. लेखकाच्या हक्कांच्या इतिहासात या खटल्याचं नाव अजून घेतात.

१७७३ मध्ये कॉव्हेंट गार्डनला त्याने मॅकबेथ केला, तोही स्कॉटिश पेहरावात. प्रथेचा लष्करी लाल कोट त्याने बाजूला ठेवला. विरोधकांनी ठरवून दंगा केला, आणि मालकाला भर प्रयोगात त्याला काढून टाकल्याचं जाहीर करावं लागलं. न आवडलेल्या नटाला हुर्यो करणं हा प्रेक्षकांचा हक्क, पण कट करून त्याची भाकरी काढून घेणं हा गुन्हा, हे मॅकलिनने १७७५ मध्ये न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफील्डपुढे सिद्ध केलं. भरपाई मात्र घेतली नाही. दंगेखोरांनी खटल्याचा खर्च द्यावा आणि त्याच्या, त्याच्या मुलीच्या व नाट्यगृहाच्या प्रयोगाची शंभर-शंभर पौंडांची तिकिटं घ्यावीत, एवढंच मागितलं. मॅन्सफील्ड म्हणाले, यापेक्षा चांगलं काम तुम्ही कधी केलं नसेल.

७ मे १७८९ ला तो शेवटचा शायलॉक करायला आला. तेव्हा तो नव्वदीच्या घरात, किंवा शंभरीच्या उंबऱ्यावर. वेश करून रंगपटात आला आणि नाटकाची नायिका पोर्शिया हिच्या पेहरावातल्या नटीला विचारलं, "आज तुमचं काम आहे का?" ती म्हणाली, "हो, पोर्शिया करतेय ना मी." "असं होय," तो म्हणाला, "मग शायलॉक कोण करतंय?" आजूबाजूचे सगळे थिजले. कुणीतरी आठवण करून दिली, तसा तो सावरला आणि रंगमंचावर गेला. एक-दोन वाक्यं बोलला. पुढचं सापडेना. त्याने प्रेक्षकांची माफी मागितली, आणि तयारीत ठेवलेल्या टॉमस रायडरने काम पुरं केलं. वाक्य विसरलेल्या नटाला मी विंगेतून हात देऊ शकते. आपण कोण हेच निसटलेल्या नटाला काय द्यायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

पुढे पोटाचीच अडचण आली. तेव्हा मित्रांनी वर्गणी जमवली, नाटककार आर्थर मर्फीने संपादन केलं आणि १७९३ मध्ये 'द मॅन ऑफ द वर्ल्ड' व 'लव्ह आ ला मोड' ही दोन्ही नाटकं मॅकलिनच्या संमतीने छापून निघाली. जमलेल्या पैशातून त्याला आणि त्याच्या बायकोला वर्षासन बांधून दिलं. ११ जुलै १७९७ ला तो लंडनमध्ये गेला. कॉव्हेंट गार्डनच्या सेंट पॉल चर्चमध्ये त्याला पुरलं आहे, आणि तिकडे कुलडॅफमध्ये त्याच्या नावाने नाट्यशिबिर भरवतात.