शेवटची बस आली की सराव

विडी घरकुलात गणपतीच्या आधीचा लेझमीचा सराव रात्री नऊच्या आत कधी सुरू व्हायचा नाही. सोलापूरच्या पेठांमध्ये दिवेलागणीलाच हलगी घुमायला लागते. आमच्याकडे मात्र टॉवेलच्या कारखान्यांतून सुटलेली माणसं घरी पोचून, हातपाय धुऊन, दोन घास पोटात घालून यायची, तोवर कुणी शिट्टी फुंकायचं नाही, असा नियमच होता. आमचा हलगीवाला सत्तर फूट रोडवरच्या एका कारखान्यात मागावर होता. शेवटच्या सिटी बसला तो असायचा. बस चुकली तर शेअर रिक्षात कडेला लटकून यायचा. आम्ही पोरं चौकात थांबून दिव्यांकडे बघत राहायचो आणि तो उतरला की "आला रे" म्हणून मैदानापर्यंत ओरडत पळायचो.

घरकुल म्हणजे कुंभारीच्या माळावरची कॉम्रेड गोदूताई परुळेकर महिला विडी कामगारांची वसाहत. दहा हजार घरं. कम्युनिस्ट कामगार नेते आडम मास्तरांच्या मागे उभं राहून बायकांनी कित्येक वर्षं मोर्चे काढले, तेव्हा कुठे ती उभी राहिली. १ सप्टेंबर २००६ला तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरं मिळाली. ते दिवसही गणपतीचेच होते. साखर पेठेत दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत सहा माणसं राहिलेल्या माझ्या आईच्या नावावर घर झालं. बाईच्या नावावर, हे मला आजही फार मोठं वाटतं.

घर परवडलं, पण काम शहरातच राहिलं. आई रात्री पानं भिजवून ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायची, दिवसभर सूप मांडीवर घेऊन हजार विड्या वळायची आणि त्या टोपलीत घालून ब्रँचला, म्हणजे विडी कंपनीच्या शहरातल्या केंद्रावर, जायची. चेकरनं काही बाजूला काढल्या की त्या भरून द्यायच्या, नवीन पान-तंबाखू घ्यायची आणि पुन्हा रिक्षाच्या रांगेत उभं राहायचं. वडील कारखान्यात, दादा अशोक चौकात एका दुकानात. सकाळी घरकुलातून माणसांचा लोंढा निघायचा आणि रात्री परतायचा. मधल्या वेळेत गल्लीत म्हातारी माणसं, पोरं आणि विड्या वळणाऱ्या बाया, एवढेच.

पहिल्या वर्षी तर सणालाही कुणी थांबत नसे. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ बघायला पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकरांची, घरं शहरात जायची, ती अजूनही जातात आणि जावंच. गड्ड्याची यात्रा तर सिद्धेश्वराच्याच पायाशी. पण घरचा गणपतीसुद्धा माणसं जुन्या पेठेत दिराकडे, भावाकडे बसवायची. श्रद्धानंद समाजाचा आजोबा गणपती १८८५ सालचा. असा वारसा असलेल्या गावातून उठून माळावर आलेल्यांना इथे मंडळ काढावं असं वाटणार तरी कसं? गणपतीच्या दिवसांत आमच्या गल्लीत कुलपंच कुलपं दिसायची.

शेजारच्या अक्कांनी ते मोडलं. त्या तेलुगू, त्यांचं मराठी सोलापूरचं, त्यात कन्नडही मधूनमधून यायचं. आईबरोबर विड्या वळता वळता एकदा त्या म्हणाल्या, "सणाला कुलूप लावून जायचं असल तर घर कशाला मागितलो आपण? मोर्च्यात लाठ्या कशाला खाल्लो?" पुढच्या शनिवारी पगार घेऊन परतणाऱ्या बायांकडून त्यांनी रिक्षातच वर्गणी गोळा केली. कुणी दहा दिले, कुणी पाच. पावतीपुस्तक नव्हतं, माझ्या वहीच्या मागच्या पानांवर नावं लिहिली. २००७ साली आमच्या गल्लीचा पहिला गणपती बसला. मांडव म्हणजे चार बांबू आणि वर चादरी. चादरी सोलापुरी, ज्याच्या त्याच्या घरच्या. ज्यांच्या हातांनी त्या विणल्या तेही मांडवात उभे होते.

लेझमी वडिलांच्या जुन्या मंडळानं दिल्या. पोत्यात बांधून, रिक्षाच्या टपावर टाकून आणलेल्या. कुणाच्या चकत्या गळालेल्या, कुणाची साखळी तारेनं जोडलेली. शिकवायला एक आजोबा होते, लक्ष्मी-विष्णू मिलमधले. मिल बंद पडून बरीच वर्षं झाली होती, पण गुडघे वाकवून ते डाव दाखवायचे तेव्हा चाळिशीतल्या माणसांची दमछाक व्हायची. त्यांना घाई चालायची नाही. एक डाव सगळ्या रांगेला सारखा बसल्याशिवाय दुसरा नाही. "आवाज एक यायला पाहिजे," म्हणायचे, "पन्नास लेझमीचा आवाज एकच." सोलापुरात लेझीम पाहिलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. डॉल्बीच्या भिंती उभ्या करणाऱ्या मंडळांबद्दल मला राग नाही, पण वाईट फार वाटतं. भिंतीसमोर माणूस नुसता उभा राहतो. लेझमीत शेजारच्याचा पाय बघूनच आपला पाय टाकावा लागतो आणि कालपर्यंत ज्याचं नावही माहीत नव्हतं त्याच्याशी तिथेच ओळख होते. आमच्या गल्लीत तेलुगू, मराठी, कन्नड, दखनी बोलणारी घरं एका रांगेत होती. त्यांना एकमेकांच्या घरात नेलं ते या सरावानं.

सरावात खंड पडायचा तो पाण्यानं. तिकडे पाणी कधी येईल याचा भरवसा नसायचा, आणि यायचं ते बहुतेक रात्री. चौथा-पाचवा डाव रंगात आला की कुठल्या तरी दारातून हाक यायची, "नीळ्ळू!" किंवा "पाणी आलं बे!" त्यासरशी लेझमी जमिनीवर आणि सगळे घागरी घेऊन नळावर. ढोलवालासुद्धा ढोल गळ्यात ठेवूनच कळशी उचलायचा. तासाभरानं भिजलेले पाय घेऊन सगळे परत यायचे आणि आजोबा तोच डाव पुन्हा पहिल्यापासून घ्यायचे.

मुलींची रांग नंतर आली. पहिल्यांदा काही घरांनी नाही म्हटलं. तेव्हा आजोबांनी अक्कांच्या सुनेलाच पुढे उभं केलं आणि तिची लेझीम बघून बाकीच्या आयांनी आपापल्या मुली पाठवल्या. नवरात्रात त्याच मैदानात तेलुगू बाया बतुकम्माभोवती, म्हणजे फुलांच्या रचलेल्या देवीभोवती, फेर धरायच्या, तेव्हा आम्हा मराठी पोरींनाही त्यांनी फेरात ओढलं. गाण्याचा शब्द कळायचा नाही, टाळी मात्र बरोबर पडायची.

शाळेचं गॅदरिंग जानेवारीत असायचं, आणि तिथेही विडी होतीच. एक दिवस बुडाला तर हजार विड्या बुडाल्या, म्हणून बाया मांडीवर सूप घेऊनच ताडपत्रीवर बसायच्या. नजर स्टेजवर, बोटं सुपात. तंबाखू भरून, पान वळवून, दोरा गुंडाळून, टोक दुमडून विडी तयार व्हायची आणि त्यांनी खाली एकदाही पाहिलेलं नसायचं. आमच्या सरांना ते ठाऊक होतं. कुठला कार्यक्रम कितव्या नंबरावर आहे, हे ते आदल्या दिवशी फळ्यावर लिहून फळा गेटाबाहेर ठेवायचे, म्हणजे ब्रँचला जाणाऱ्या आईला वेळ साधता यावी. एखादी आई रिक्षातून उतरून धापा टाकत येताना दिसली की पुढचा नाच आधी घेऊन तिच्या मुलाचा नंबर मागे ढकलायचे. त्या सरांइतका मोठा माणूस मी पाहिला नाही.

१२ जानेवारी हा चार हुतात्म्यांचा दिवस, त्यामुळे नाटक दरवर्षी त्यांचंच. इंग्रजांनी सोलापुरात लावलेला १९३०चा मार्शल लॉ, १९३१ची येरवड्यातली फाशी, हे आम्ही पुस्तकाआधी स्टेजवर शिकलो. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकृष्ण सारडा आणि कुर्बान हुसेन. लिंगायत, मराठा, मारवाडी, मुसलमान. आमच्या वर्गात चारही भूमिकांना त्या त्या घरचीच मुलं मिळतील अशी सोय होती, पण सर मुद्दाम अदलाबदल करायचे. एका वर्षी समोरच्या खालांचा मुलगा मल्लप्पा झाला आणि अक्कांचा नातू कुर्बान हुसेन. खालांनी स्वतःच्या हातानं त्या नातवाला टोपी घातली, केस नीट केले आणि नाटक संपेपर्यंत त्याच्यामागे पडद्याआड उभ्या राहिल्या.

महाप्रसादाबद्दल थोडंच सांगते. हुग्गी म्हणजे गव्हाची खीर, भात, आमटी आणि शेंगाची चटणी. चटणी घरोघरी कुटलेली, म्हणून प्रत्येक पंगतीला चव वेगळी.

आता मी शहरात नोकरीला आहे, स्कूटीवर जाते-येते. रस्ता तोच. राहते घरकुलातच. मधल्या काळात शेजारी रे नगर उभं राहिलं, तीस हजार घरांचं. त्यातली पहिली पंधरा हजार १९ जानेवारी २०२४ला मिळाली. चाव्या घेऊन आलेल्या बायांकडे बघताना मला आईच दिसत होती. तीच टोपली, तोच रिक्षाचा शोध. पहिल्या वर्षी सणाला तिथेही कुलपं लागली. मग तिथली काही पोरं आमच्या मंडळात लेझमी मागायला आली. आम्ही निम्म्या दिल्या आणि शिकवायला आमच्या मुलींची रांगच पाठवली. आजोबा आता नाहीत, पण त्यांचे डाव त्या मुलींच्या पायांत आहेत. आवाज एक येईपर्यंत त्या मुलीही नव्या पोरांना पुढे जाऊ देत नाहीत.

यंदा दोन्ही मंडळांनी मिरवणूक एकत्र काढायचं ठरवलंय. पुढे कोण चालणार यावर दोन बैठका झाल्या. आमच्याकडच्या जुन्या लोकांचं म्हणणं, वीस वर्षं होत आली, मान आमचा. अक्का आता फार थकल्यात, तरी खुर्चीवर बसून दुसऱ्या बैठकीला आल्या आणि त्यांनी निकाल दिला, नवे आलेत ते पुढे. रे नगरची रांग पुढे, त्यामागे आमच्या मुली, शेवटी आमचा ढोल. वर्गणी सुरू झाली आहे, शनिवारी पगारानंतर.