घरच्या गाडीकामासाठी वेल्डिंग मशीन निवडताना

काम ठरलेलं होतं. ओम्नीचा सिल (दाराखालची पत्र्याची पोकळ पट्टी) दोन्ही बाजूंनी गंजलेला, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा बोटाने दाबला तरी भुगा होत होता आणि मोटारसायकलच्या साइड स्टँडचा कान तुटला होता. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कुठल्याही दुकानात गेलं की पहिला प्रश्न एकच, "किती अँपिअरचं पाहिजे, दादा?" खरं तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. त्याआधी दोन गोष्टी हातात पाहिजेत: जोडायचा पत्रा किती जाड आहे आणि घरची वायर किती करंट सोसते.

जाडी मी व्हर्नियरने मोजली. बॉडीचा चांगला पत्रा ०.८ मिमी, सिलच्या आतली पट्टी १.२ मिमी, लेग गार्डचा पाइप १६ गेज म्हणजे १.६ मिमी, स्टँडचा कान ५ मिमी. या आकड्यांनीच निम्मा निर्णय झाला. कान आणि पाइप साध्या रॉडच्या वेल्डिंगने उत्तम होतात. बॉडीचा पत्रा होत नाही. २.५ मिमीच्या रॉडला, म्हणजे आपल्याकडच्या बारा नंबरला, साधारण ६० ते ९० अँपिअर लागतात. ६० च्या खाली गेलं की रॉड चिकटतो आणि ६० वर ०.८ च्या पत्र्याला भोक पडतं. मधे जागाच उरत नाही. २ मिमीचा रॉड ४० ते ६० अँपिअरवर चालतो, पण त्यानेही १.२ मिमीच्या खाली उतरायचं तर हात फार बसलेला लागतो. गंजाने कागद झालेल्या कडेवर तोही चालत नाही.

आता वायर. रॉडच्या मशीनचा आर्क व्होल्टेज (रॉड आणि पत्र्यामधल्या ज्योतीचा) काढायची रूढ रीत म्हणजे २० अधिक ०.०४ गुणिले अँपिअर. ८० अँपिअरला २३ व्होल्ट, म्हणजे जवळपास १,८५० वॅट. मशीनमधली घट आणि स्वस्त इन्व्हर्टर मशीनचा (हलकं, इलेक्ट्रॉनिक वेल्डिंग मशीन) ०.७ च्या आसपासचा पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेतला कामी येणारा वाटा, धरला, तर २३० व्होल्टच्या लाइनमधून १३-१४ अँपिअर ओढले जातात. गीझरच्या १६ अँपिअर पॉइंटवर हे बसतं. १२० अँपिअरला, म्हणजे दहा नंबरच्या रॉडला, हाच हिशेब २२ अँपिअरपर्यंत जातो. पूर्ण २०० अँपिअर काढायचे तर ४० च्या वर. खोक्यावर '२००' छापलेलं मशीन घरच्या पॉइंटवर २०० देईल ही आशाच सोडायची. उलट मिगवर, म्हणजे रॉडऐवजी रिळातली वायर वितळवणाऱ्या मशीनवर, ६० अँपिअरने पत्रा जोडताना लाइनमधून फक्त ७-८ अँपिअर जातात. पातळ पत्र्याचं काम घरच्या विजेला जड नाही.

मशीन चालू करताच एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारा स्विच) पडत असेल तर तो बी कर्व्हचा, म्हणजे झटक्याला लगेच पडणाऱ्या प्रकारचा, आहे का पाहावं. सुरुवातीच्या झटक्याला सी कर्व्ह तग धरतो. पण वायर तीच ठेवून १६ च्या जागी २५ अँपिअरचा एमसीबी बसवणं म्हणजे भिंतीत आग ठेवणं. जास्त करंट हवा असेल तर मीटरपासून ४ चौरस मिमीची वेगळी लाइन वायरमनकडून ओढून घ्यावी. एक्स्टेन्शन २.५ चौरस मिमीचीच घ्यावी आणि पूर्ण उलगडून वापरावी. २५ मीटरवर २० अँपिअरला तिच्यात ७ व्होल्ट पडतात, १ चौरस मिमीच्या वायरमध्ये १८. गुंडाळी तशीच ठेवली तर आतली वायर तापून इन्सुलेशन वितळतं.

फॅब्रिकेशनच्या शेडमधलं तेलाचं जुनं मशीन दोन फेजवर चालतं, ते घरासाठी बाद. उरतात दोन पर्याय. रॉडचं इन्व्हर्टर मशीन साधारण ५ ते ९ हजारांत मिळतं. स्टँड, गार्ड, कॅरिअर, गेटचं बिजागर एवढंच करायचं असेल तर तेच घ्यावं, जास्त पैसे घालू नयेत. बॉडी करायची असेल तर छोटं मिग, ज्याला वर्कशॉपमध्ये सीओटू म्हणतात. ते १५ ते ३० हजारांच्या घरात जातं. बहुतेकांत रॉडचा होल्डरही लागतो, त्यामुळे दोन्ही कामं भागतात. मी हेच घेतलं.

पण मिगमध्ये एक फसगत आहे. काही स्वस्त मशीन फक्त गॅसलेस असतात, म्हणजे जोडाला हवेपासून झाकणारा गॅस त्यांना जोडता येत नाही. आत गॅसचा व्हॉल्व्हच नसतो आणि पोलॅरिटी (प्लस-मायनसची जोडणी) बदलायची सोय नसते. गॅसलेस, म्हणजे आत फ्लक्स (गॅसऐवजी जोड झाकणारी पूड) भरलेल्या वायरला टॉर्च, म्हणजे हातातली वेल्डिंगची मूठ, निगेटिव्ह लागते. गॅसवर चालणाऱ्या साध्या वायरला पॉझिटिव्ह. मी पाहिलेल्या एका मशीनसोबत फ्लक्सची वायर दिली होती आणि जोडणी मात्र गॅसची होती. तशीच चालवली की तडतड, ठिणग्यांचा पाऊस आणि चाळणीसारखा जोड. दुकानातच वायरच्या कप्प्याचं दार उघडून दोन टर्मिनल आणि जोडपट्टी दिसते का ते बघावं. तिथेच ५ किलोचं रीळ बसतं का हेही कळतं. फक्त १ किलोचंच बसत असेल तर वायर कायम महाग पडते.

खोक्यावरचा आकडा विसरून मागची पाटी वाचावी. तिच्यावर ड्यूटी सायकल असते. १४० अँपिअरला ६० टक्के म्हणजे १० मिनिटांतली ६ मिनिटं वेल्डिंग, ४ मिनिटं थंड करणं. पाटीच नसेल तर मशीन परत ठेवावं. सोबतच्या केबलची एक तार ब्लेडने खरवडून पाहावी. तांबड्याखाली पांढरं निघालं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे, होल्डरपाशी तापते. ३ मीटरची १६ चौरस मिमीची तांब्याची केबल स्वतंत्र घ्यावी.

०.८ च्या पत्र्याला माझं मत स्पष्ट आहे: ०.८ मिमीची साधी वायर आणि गॅस. फ्लक्सची वायर जास्त गरम जाते, १.२ मिमीच्या वर तिचं काम बरं होतं. गॅस मिनिटाला ८ ते १० लिटर. पंखा किंवा वारा असला की गॅस उडतो आणि जोडात छिद्रं पडतात.

पातळ पत्र्यावर सरळ रेघ ओढायचीच नाही. गंज चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापायचा, २० गेजचा तुकडा बसवायचा आणि दर २५-३० मिमीवर एक टाका. एक टाका इथे, पुढचा दुसऱ्या टोकाला, म्हणजे उष्णता एका जागी साचत नाही आणि पत्रा वाकत नाही. नंतर दोन टाक्यांच्या मधे टाके मारत जायचं. प्रत्येक टाका सेकंदभराचा. मागे तांब्याची पट्टी दाबून धरली तर भोक पडत नाही, कारण वितळलेलं लोखंड तांब्याला चिकटत नाही. गाडीला हात लावण्याआधी त्याच जाडीचे दोन तुकडे जोडून व्हाइसमध्ये धरावेत आणि हातोड्याने वाकवावेत. जोडाशेजारी पत्रा फाटला तर सेटिंग बरोबर. जोड अख्खा उचकटला तर तो वरवर बसलाय. व्होल्टेज वाढवायचा.

गाडीवर काम करताना बॅटरीची निगेटिव्ह काढावी. अर्थ क्लॅम्प (मशीनच्या दुसऱ्या केबलचा चिमटा) जोडापासून वीतभर अंतरावर, घासून काढलेल्या लोखंडावर लावावा. लांब लावला तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि ते खराब करतो. कार्पेट, रबर, डांबरी कोटिंग काढून टाकावं. एलपीजी किट किंवा पेट्रोलची नळी जवळ असेल तर घरी वेल्डिंग नको. पेट्रोलची टाकी, रिकामी असली तरी, कधीच नाही. क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर मारून वेल्डिंग करू नये, त्यातून फॉस्जीनसारखा विषारी वायू निघतो. सीट बेल्टचे पॉइंट, स्टिअरिंग आणि चासीचे जोड गॅरेजलाच द्यावेत. काम झाल्यावर अर्धा तास गाडीपाशीच थांबावं, आतला फोम उशिरा पेट घेतो.

कोल्हापूरच्या पावसाचा वेगळा विचार करावा लागतो. जून ते सप्टेंबर उघड्यावर ठेवलेले ६०१३ नंबरचे नेहमीचे रॉड ओल धरतात, मग आर्क तुटतो. १०० अंशांच्या वर तासभर सुकवून हवाबंद डब्यात ठेवावेत. वायरचं रीळ काम झाल्यावर मशीनमधून काढून पिशवीत बंद करावं, गंजलेली वायर लायनरमध्ये (टॉर्चच्या केबलमधल्या नळीत) अडते. ओल्या फरशीवर उभं राहू नये, कोरडी लाकडी फळी आणि कोरडे चामडी हातमोजे हवेतच. मशीनला पाण्याइतकीच ग्राइंडरच्या धुळीची भीती. पंखा लोखंडाची धूळ आत ओढतो, ती आतल्या इलेक्ट्रॉनिक कार्डवर बसते आणि ओल मिळाली की शॉर्ट होतं. ग्राइंडर चालू असताना मशीन बंद करून बाजूला ठेवतो.

सिलच्या आतला प्रायमर वेल्डिंगच्या उष्णतेने जळतो आणि गंज तिथूनच पुन्हा सुरू होतो. म्हणून बाहेरून झिंक प्रायमर आणि सीलर, आतून ६ मिमीच्या भोकातून मेण फवारून त्यावर रबराचं बूच. सिलच्या तळाची पाणी जायची भोकं मात्र मोकळीच ठेवायची.