तुम्ही विचारलंत म्हणून: गावच्या घरासाठी काय घेऊ नये?

गणपतीच्या आधी आणि मे महिन्याच्या तोंडावर हा प्रश्न हमखास येतो. ‘गावच्या घरासाठी यादी केली आहे, यातलं काय गाळू?’ विचारणारे बहुतेक मुंबई-ठाण्याचे, घर रत्नागिरी नाहीतर सिंधुदुर्गात, वर्षातून दोन-तीनदा उघडणारं. यादी प्रेमाने केलेली असते, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं.

महाग वस्तू घेतली म्हणून कोणी उधळ्या ठरत नाही. मला खुपतात त्या दोन प्रकारच्या वस्तू: घरात जी अडचणच नाही तिच्यावर आणलेला उपाय, आणि इथल्या खाऱ्या दमट हवेत दोन पावसाळेही न काढणारं सामान.

पहिल्या प्रकारात सगळ्यात वर आरओ, म्हणजे पाणी शुद्ध करायचं विजेवरचं यंत्र. माझा सर्वांत जास्त विरोध त्यालाच आहे. आरओचं मुख्य काम पाण्यात विरघळलेले क्षार काढण्याचं, आणि कोकणातल्या जांभ्या दगडात खोदलेल्या विहिरीच्या पाण्यात क्षार मुळातच कमी. हे विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर काही शेकड्यांत मिळतो. यंत्र घेण्याआधी तो घ्या, पेलाभर पाण्यात बुडवा आणि आकडा वाचा. जांभ्याच्या बहुतेक विहिरींवर तो शंभर-दीडशेच्या आत राहतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार चालतात. त्या मर्यादेच्या आतल्या पाण्यावर आरओ वापरायला बंदी घाला, असे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली केंद्र सरकारला दिले होते. कारण उघड आहे. घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना साधारण तीन लिटर मोरीत सोडतो. मे महिन्यात विहिरीचा तळ दिसायला लागला की हे तीन लिटर जिवाला लागतात.

शिवाय हे यंत्र बंद घरासाठी नाहीच. आतली मेंब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा पातळ पडदा, सतत ओली राहावी लागते. चार महिने कुलूप राहिलं की ती सुकते, टाकीत उरलेल्या पाण्यात जंतू वाढतात, आणि घर उघडल्यावर पहिला पेला त्यातूनच भरला जातो. आधीच बसवला असेल तर निघताना टाकी पूर्ण रिकामी करा. परत आल्यावर टाकी धुऊन घ्या, पहिल्या दोन टाक्या भरून ओतून द्या, आणि कँडल-कार्बन ही आतली गाळणी बदलल्याशिवाय ते पाणी पिऊ नका.

पावसाळ्यात खरी भीती असते ती जंतूंची. जांभा सच्छिद्र, पहिल्या मोठ्या पावसात वरचं सगळं खाली झिरपतं. संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून निदान ५० फूट लांब हवा. तो जवळ असेल तर आधी त्याचा बंदोबस्त करा, कुठलंही यंत्र त्याला पर्याय नाही. मग विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. मापही अवघड नाही. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीने गुणा, ३.१४ ने गुणा, ४ ने भागा आणि हजाराने गुणा: झाले लिटर. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर सुमारे २८,००० लिटर. चांगल्या पावडरीत ३३ टक्के क्लोरीन असतो, ती हजार लिटरला अडीच ग्रॅम पुरते, म्हणजे या विहिरीला ७० ग्रॅम. पाणी गढूळ असेल तर जास्त लागते.

पावडर थेट विहिरीत टाकू नका. बादलीत थोड्या पाण्यात तिची लापशी करा, मग पाऊण बादली भरेपर्यंत पाणी घालून ढवळा आणि दहा मिनिटं ठेवा. चुना खाली बसतो. वरचं निवळ तेवढं दुसऱ्या बादलीत ओता, ती रहाटाने पाण्याखाली सोडा आणि दोर वर-खाली, आजूबाजूला जोरात हलवा. खालचा चुना झाडाच्या बुंध्यात नको, लांब खड्ड्यात टाका. निदान तासभर पाणी काढायचं नाही, म्हणून हे काम रात्री करावं. पावडर फसते ती साठवणीत. उघड्या पिशवीत आणि दमट हवेत तिचा क्लोरीन उडून जातो, मग माप बरोबर असूनही पाण्याला वासच येत नाही. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, अंधारात ठेवा आणि दर पावसाळ्याला नवी आणा. एवढं करून प्यायचं पाणी गाळून उकळलं की झालं. यंत्रच हवं असेल तर विजेशिवाय चालणारा, बारीक छिद्रांतून जंतू गाळणारा यूएफ फिल्टर घ्या. अतिनील किरणांनी जंतू मारणाऱ्या यूव्ही यंत्राला स्वच्छ पाणी आणि अखंड वीज लागते, आणि आपल्याकडे आषाढात दोन्ही नसतात.

आरओ नको, याला अपवाद खाडीकाठच्या आणि देवबागसारख्या चिंचोळ्या किनारपट्टीवरच्या विहिरींचा. एप्रिल-मेमध्ये पाणी मचूळ होतं, मीटरचा आकडा हजारापुढे जातो. तिथे आरओ चैन नाही. पण मोजल्यावर ठरवा, शेजाऱ्याने घेतला म्हणून नको.

आता दुसरा प्रकार, हवेत न टिकणाऱ्या वस्तू. ऑनलाइन मागवलेली, जोडून उभी करायची कपाटं आणि टीव्ही-स्टँड ही भुशाच्या दाबलेल्या फळ्यांची असतात, वरून लाकडासारखा कागद. मुंबईतल्या फ्लॅटमध्ये ती पाच-सात वर्षं निघतात. इथे पहिल्या श्रावणात खालची कड फुगते, बिजागरीचे स्क्रू भुशातून सुटतात आणि दार लोंबकळायला लागतं. एकदा फुगलेली फळी वाळवून बसत नाही, म्हणून दुरुस्तीही होत नाही. प्लायचं करायचं तर आयएस ७१० चा शिक्का असलेलं मरीन प्लाय घ्या, आणि कापलेल्या कडा उघड्या ठेवू नका, पाणी तिथूनच शिरतं. शंका असेल तर दुकानदाराकडून हातभर तुकडा मागा आणि चुलीवर दोन-तीन तास उकळत ठेवा. साध्या प्लायचे पापुद्रे सुटतात. गावात सुतार असेल आणि आवारातला जुना फणस पाडलेला असेल तर त्या लाकडाचं कपाट नातवंडं वापरतील. नीट वाळलेलं लाकूड मात्र हवं, नाहीतर फळ्या वाकतात.

स्टीलच्या बाबतीत फसगत वेगळी. २०२, ३०४, ३१६ हे स्टेनलेस स्टीलचे प्रकार. ‘लोहचुंबक चिकटत नाही, म्हणजे अस्सल ३०४’ असं दुकानात सांगतात. २०२ लाही चुंबक सहसा चिकटत नाही, आणि समुद्राच्या वाऱ्यावर २०२ ला काही महिन्यांत तांबूस डाग पडतात. समुद्र दिसत असेल इतक्या जवळ घर असेल तर ३०४ वरही डाग येतात. तिथे खिडकीच्या जाळीला, कठड्याला ३१६ लागतं, ज्यात मॉलिब्डेनम असतो. ते परवडत नसेल तर लाकडी कठडा बरा. कपडे वाळवायचे रंग दिलेले लोखंडी स्टँड तर घेऊच नका. सांध्यात रंग फुटतो, गंज कपड्याला लागतो आणि तो डाग जात नाही. पडवीत दोन खुंट्या आणि नायलॉनची दोरी पुरते. नळावरचे डाग तारेच्या घासणीने घासू नयेत, घासणीचे लोखंडी कण पृष्ठभागात रुततात आणि तेच गंजतात. संडासात ओतलेल्या अ‍ॅसिडची वाफही नळांना खाते, त्यामुळे नळ वरचेवर बदलावे लागतात. दोष नळाचा नसतो.

रंगाबद्दल थोडंच, पण महत्त्वाचं. गणपतीसाठी घर रंगवायचं म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये महागडा ‘वॉटरप्रूफ’ रंग काढला जातो. त्या वेळी चिऱ्याची भिंत पाण्याने भरलेली असते. रंग वरून दार बंद करतो, आतलं पाणी बाहेर यायला बघतं, आणि दिवाळीपर्यंत फुगे येऊन पापुद्रे गळतात. तेलरंग आणि प्लॅस्टिक रंग मार्च ते मे, भिंत वाळल्यावरच. गणपतीला हात मारायचाच असेल तर चुना मारा. तो भिंतीला श्वास घेऊ देतो, आणि त्याच्या क्षारामुळे बुरशीही लवकर धरत नाही.

स्वयंपाकघरात एकच वस्तू सविस्तर सांगते, कारण दर दोन वर्षांनी ती नव्याने विकत घेतली जाते: घावण्यांसाठीचा नॉनस्टिक तवा. चुलीची धग त्याला सोसत नाही, २६० अंशांपुढे लेप बिघडायला लागतो. लोखंडी कालथ्याचा एक ओरखडा गेला की घावणं नेमकं तिथेच धरतं. बिडाचा तवा घ्या. नवा आणल्यावर राखेने आणि नारळाच्या सोडणाने खसखसून घासा, मग दोन-तीन दिवस तांदळाच्या धुवणात बुडवून ठेवा आणि धुवण रोज बदला. नंतर आचेवर पूर्ण कोरडा करा, खोबरेल अगदी पातळ पुसा, धूर येईपर्यंत तापवा, निवू द्या. हे चार-पाच वेळा. तेल जाड लावलं तर चिकट थर बसतो आणि सगळं पुन्हा घासावं लागतं.

घावण्याचं पीठ एका वाटीला दोन वाट्या पाणी, ताकासारखं सरसरीत, आणि दर वेळी तळापासून ढवळून घ्यायचं, कारण तांदूळ खाली बसतो. तवा चांगला तापला की कांद्याच्या फोडीने तेल फिरवा, पीठ कडेकडेने आत ओता. चर्र आवाज यायला हवा आणि जाळी पडायला हवी. जाळी पडली नाही तर तवा थंड आहे; घावणं तुटलं तर पीठ पातळ झालंय किंवा उलथण्याची घाई झालीय. पहिली दोन-तीन बिघडतातच, तवा टाकून देऊ नका. घावण्याच्या तव्यावर चपात्या भाजू नयेत, कोरड्या आचेने वरचा तेलाचा थर जळतो. साबण नको, तापलेल्यावर गार पाणी नको, बीड तडकतं. घर बंद करताना तेल पुसून कागदात गुंडाळून ठेवा. गंज आलाच तर खडे मिठाने घासून पुन्हा तेल-आच.

झडीसाठी निळी ताडपत्री सगळेच घेतात आणि दर वर्षी घेतात. पातळ ताडपत्री उन्हाने ठिसूळ होते आणि वाऱ्याने कडीपाशी फाटते. पाकिटावर लिहिलेल्या जीएसएमवर, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम या आकड्यावर, विश्वास ठेवण्यापेक्षा ती तराजूवर टाका. १२ बाय १५ फुटांची खरी २०० जीएसएमची ताडपत्री सव्वातीन किलोच्या थोडी वर भरते. पावणेदोन किलो भरली तर ती शंभरचीच आहे. नुसत्या कड्यांत दोरी ओवून बांधू नका. वरची कड रिपेला गुंडाळून त्या रिपेला खिळे मारा, म्हणजे ओढ सगळ्या कडेवर वाटली जाते. खालच्या बाजूला बांबू बांधा, तो वजनाने ताण धरतो. नवरात्रात उतरवून, वाळवून, घडी करून माळ्यावर टाका. उन्हात टांगून ठेवली तरच ती लवकर मरते. अंगणात माड असतील आणि विणणारं कोणी असेल तर झावळ्यांची झापं याहून बरी.

बारीकसारीक बऱ्याच गोष्टी आहेत. ओल शोषणारे डबे उघड्या खोलीत काही करत नाहीत, ते घट्ट झाकणाच्या ट्रंकेतच ठेवावेत. जाड फोमच्या गाद्या ओल धरतात आणि उचलून उन्हात टाकता येत नाहीत. पूजेला थर्माकोलच्या ताटल्या आणणं तर परसात केळी असताना बघवत नाही.

राहिले इन्व्हर्टर आणि मोठा फ्रिज. वीज जाते, म्हणून इन्व्हर्टर हवासा वाटतो. पण घर बंद करताना मेन स्विच पाडला की पाण्याची बॅटरी हळूहळू उतरत जाते, उतरलेल्या अवस्थेत प्लेटांवर सल्फेट बसतं, आणि ती पुन्हा पूर्ण भरत नाही. चार-सहा महिन्यांच्या कुलपासाठी ही खरेदी करू नका. चार्जिंगचे दोन-तीन दिवे आणि एक पंखा मुंबईहून भरून आणा. कोणी बारमाही राहत असेल तरच इन्व्हर्टर, आणि मग बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच, विहिरीचं नाही. फ्रिज लहान घ्या. निघताना प्लग काढा, बर्फ पूर्ण वितळू द्या, रबरी पट्टीच्या घड्या व्हिनेगरच्या फडक्याने आतून पुसा आणि दारात लाकडी ठोकळा अडकवून ते चार बोटं उघडं ठेवा. प्लगच्या पितळी पायांवर हिरवट थर आला असेल तर परत आल्यावर तो घासून साफ करा आणि मगच प्लग लावा.